डबी फुटली तेव्हा

"वीब्के, आपल्या नेटवर कुणाचा तरी परका लॅपटॉप आहे!" सफरचंदाच्या फांदीवर टॅबलेट घेऊन बसलेला अकरा वर्षांचा थिलो ओरडला.

"काहीतरीच! डबी आहे ना पहाऱ्याला?"

ती डबी म्हणजे त्याच्या ताईचा, वीब्केचा, ईस्टरच्या सुट्टीतला पराक्रम. ओपांच्या, म्हणजे आजोबांच्या घरातलं प्रत्येक यंत्र कुठलंही पान उघडण्याआधी त्याचा पत्ता डबीला विचारायचं. जाहिरातींचे आणि भामट्यांचे पत्ते डबी सांगायचीच नाही!

"कसला पहारा! इथे नोंद आहे, सकाळी पाच मिनिटं डबी बंद होती. ओपांनीच डबी बंद करायचं बटण दाबलंय!"

तेवढ्यात घरात काच फुटली. दोघं धावत सुटले.

ओपा जमिनीवर पडले होते आणि कपाळातून रक्त वाहत होतं. टेबलाशी एक आडदांड माणूस लॅपटॉप बडवत होता.

"'संगणक बिघडलाय, फोन करा' अशी पाटी स्क्रीनवर आली गं, मी फोन केला," ओपा कण्हले. "हा दुरुस्तीला आला आणि मारून मारून बँकेचा पासवर्ड घेतला. माझी जन्माची पुंजी!"

थिलो त्याच्या अंगावर धावला. माणसाने त्याला उचलून कपाटावर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली!

"पैसे वळवायचं माझं पान का उघडत नाही?" माणूस गरजला.

वीब्केचं डोकं मात्र ठिकाणावर होतं. "पळ, अग्निशमन दलाचा भोंगा वाजव!" ती थिलोच्या कानात कुजबुजली आणि मग मोठ्याने रडू लागली, "काका, ती डबी फोडू नका हो! तीच सगळं अडवते!"

"अस्सं?" त्याने आपल्या पिशवीतल्या हातोडीने डबीचा चुरा केला, तोवर थिलो दारातून निसटला.

आणि पत्ता सांगणारंच कुणी उरलं नाही! बँक उघडेना, काहीच उघडेना. त्या दरीत मोबाईललाही रेंज नव्हती.

"कार्टे, फसवलंस!" त्याने वीब्केचे केस धरून तिचं डोकं भिंतीवर हाणलं. पण ओपा उठले होते. कोळशाचं फावडं त्यांनी सगळ्या ताकदीनिशी त्याच्या गुडघ्यावर घातलं. हाड कडकन मोडलं. तो किंचाळत कोसळला.

गावात भोंगा घुमला. अर्धं गाव अग्निशमन दलात. कुऱ्हाडी घेऊन सगळे आले, पुढे रक्ताळलेला थिलो!

"शाब्बास रे वाघांनो!" दलप्रमुख अन्सगार म्हणाले.

ओपांनी मात्र मान खाली घातली. "'जाहिराती अडवू नका' असं वर्तमानपत्राच्या पानाने विनवलं, म्हणून मी बटण दाबलं आणि त्या जाहिरातींतूनच ती खोटी पाटी आली. पोरी, नवी डबी बसव. आणि बंद करायचा पासवर्ड मला अजिबात सांगू नकोस!"