सात हजार फुटांवरच्या वेळा

गुलमंडीतल्या करुणाच्या कचेरीचा खडा जिना सदफ एका दमात चढून आली, तेव्हा बद्रीनाथला तिचं कौतुक वाटलं. तो स्वतः तीनदा थांबायचा. तरी निवृत्त झाल्यापासून रोज यायचा, कारण घरी बोलायला कोणी नव्हतं. करुणानं आपल्या या खासगी तपास कचेरीत त्याला एक खुर्ची दिली होती आणि कारण कधी विचारलं नव्हतं.

सदफ धावपटू. सात हजार फुटांवरच्या सरावशिबिरात तीन महिने राहून नुकतीच परतलेली. तेवढ्या काळात तिच्या नावानं निवड समितीला दर आठवड्याला टाइप केलेली पत्रं गेली होती, तिच्या सरावातल्या वेळा कळवणारी. आकडे खोटे निघाले. सोमवारी सुनावणी होती आणि दोन वर्षांची बंदी समोर दिसत होती.

"मी एक पण पत्र लिहिलं नाय," ती म्हणाली.

पहिल्या आठवड्याच्या पत्रात दोनशे मीटरला २६.४ सेकंद होते, शिबिराआधीच्या इथल्या वेळेइतकेच. पाच हजार मीटरला अठरा मिनिटं दहा सेकंद, इथल्यापेक्षा दहा सेकंद कमी. पुढं दोन्ही वेळा आठवड्यागणिक सुधारत गेलेल्या.

तिच्या इथल्या वेळा इतक्या नेमक्या तिघांनाच ठाऊक होत्या. शिबिरातली प्रतिस्पर्धी तहरीम, तिथलेच प्रशिक्षक राजकुमार, आणि वडील अफजल. वडिलांनी तिला लहानपणापासून छावणीच्या मैदानावर पळवलं होतं. आता ती वसतिगृहात राहायची. "घरी गेलं की अब्बा पहिले टायमिंगच विचारतात," एवढंच ती म्हणाली.

करुणानं तिघांना एकच विचारलं: डोंगरावर पहिला आठवडा कसा जातो? बद्रीनाथला हा प्रश्न अगदीच पुळचट वाटला.

तहरीम म्हणाली, दोनशे मीटर झकास गेले, पण पाच हजारात जीव कंठाशी आला. राजकुमार म्हणाले, लांब पल्ल्याला सुरुवातीला प्रत्येक पोरगी अर्धा-पाऊण मिनिट मागं पडते. मुकुंदवाडीतल्या आपल्या घरी अफजलनं चहा केला. पाहुण्यांनी उठू नये म्हणून पुन्हा आधण ठेवलं.

"वरची हवा लई साफ, ताई," तो म्हणाला. "पळायला सोपंच जात असंल."

बद्रीनाथचा संशय तहरीमवर. सदफ बाद झाली की संघातली जागा तहरीमचीच होती.

रविवारी करुणानं सगळ्यांना छावणीच्या मैदानावर बोलावलं.

"वर हवा विरळ असते," ती म्हणाली. "ती अंगाला अडवते कमी, म्हणून छोटी शर्यत जरा लवकर संपते. पण पाच हजाराला श्वास पुरवावा लागतो आणि तोच तिथं अपुरा. पत्रांत पहिल्याच आठवड्यात लांबची वेळ सुधारलीय. सदफ, तहरीम, राजकुमार तिघंही वर राहिलेत. त्यांनी निदान पटेल असं खोटं लिहिलं असतं. हे लिहिणारा डोंगर चढलेलाच नाही."

अफजलनं सगळं सांगून टाकलं. दर रविवारी तो या रिकाम्या मैदानावर येऊन बसायचा. सदफनं फोनवर काय वेळ सांगितली असती, ते मनाशी ठरवून वहीत लिहायचा. मग पोरीचं नाव मागं पडायला नको, म्हणून तेच आकडे तिच्या नावानं टाइप करून समितीला पाठवू लागला.

करुणानं कबुलीचा कागद पुढं केला. त्यावर सही झाली की सदफ सुटणार होती आणि अफजलला तिच्या कुठल्याही शर्यतीत पाऊल ठेवता येणार नव्हतं. त्यानं न वाचताच सही केली. बद्रीनाथला फार वाईट वाटलं.

"फोन लागत नव्हता का, अब्बा?" सदफनं विचारलं.

"लागायचा ना, बेटा. वाजून वाजून बंद व्हायचा."