वाक्य पूर्ण होईपर्यंत

जोडी कॉम्प्युटरनं लावली होती.

'ऐकण्याची कला' नावाचा एक फुकटचा ऑनलाइन कोर्स होता, मोबाईलवर, मराठीतून. रविवारी दुपारी धडा व्हायचा आणि धडा संपला की कॉम्प्युटर शिकणाऱ्यांच्या दोघादोघांच्या जोड्या लावायचा. कोर्स संपेपर्यंत तीच जोडी. एकानं पाच मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं नुसतं ऐकायचं. मधे तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही आणि समोरच्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. मग अदलाबदल.

दीपमालाच्या नावापुढं आलं, 'भुजंग, औसा.'

भुजंग! नांदेडच्या त्या खोलीत ती एकटीच हसली. मग आपलंच हसू ऐकून जरा दचकली. या खोलीत बऱ्याच दिवसांत कोणी हसलं नव्हतं. सोबत राहणारी पुनम उन्हाळ्यात लग्न होऊन परभणीला गेली, तेव्हापासून दुसऱ्या कॉटवर फक्त वाळलेले कपडे पडून असायचे.

"हॅलो? आवाज येतोय का?"

शांतता.

"हॅलो... तुमच्याकडं नेटवर्कचा प्रॉब्लेम हाय का?"

"ने... नेटवर्क बरं हाय." आवाज खालच्या पट्टीतला, मऊ होता. "मीच अ... अ... अडकतो."

दीपमालानं फोन कानाशी घट्ट धरला.

"तुम्ही दु... दुसरी जोडी मागून घ्या. मला रा-राग न्हाई यायचा."

"कशाला?"

"पाच मिनिटांत माझं ए-एकच वाक्य होतं."

"मग एकच ऐकते की! लांबलचक असलं म्हणजे झालं."

पलीकडून तो हसला... मोकळा, खळखळून. हसताना मात्र तो कुठंच अडकला नाही.

पहिली पाळी तिची होती. बोलण्यासारखं आपल्याकडं काय आहे, असं तिला वाटत होतं. पण सुरुवात केली आणि धरणाचं दार उघडावं तसं झालं. डॉक्टर लेनमधल्या एका लॅबच्या काउंटरवर ती बसायची. रिपोर्ट तयार झाले की नावं पुकारायची. "दिवसभर मी लोकांची नावं घेते," ती म्हणाली, "पण माझं नाव कोणी घेत न्हाई. मॅडम, ताई, ओ बाई... संध्याकाळी खोलीवर आले की कधी कधी मीच म्हणते, दीपमाला, चहा घेणार का? आणि मीच करून घेते." भोकरजवळच्या गावी आई होती, भाऊ-भावजय होते. फोन केला की आई विचारायची, "जेवलीस का?" ती हो म्हणायची, की झालं, फोन ठेवायचा. वडील होते तोवर घरात बोलणारं एक माणूस होतं.

एवढं बोलून ती थांबली. तो काही बोलला नाही. 'अरेरे' नाही, 'होईल सगळं नीट' नाही. फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता — आहे, ऐकतोय, असं सांगणारा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि कॅमेरा बंद आहे हे किती बरं, असं तिला वाटलं.

पुढचे रविवार मग पटापट यायला लागले. भुजंगचं बोलणं ऐकायला धीर लागायचा. त्याचा शब्द ओठांशी येऊन अडून राहायचा, आणि तो कोणता ते तिला आधीच कळायचं. जिभेवर यायचं अगदी. पण ती गप्प बसायची. असं थांबून थांबून तिला त्याचं सगळं कळलं. लातूरला त्यानं समाजकार्याचं शिक्षण घेतलं होतं. लेखी परीक्षेत कायम वरचा नंबर. मुलाखतीला गेला की समोरचे साहेबच त्याची वाक्यं पूर्ण करून द्यायचे आणि नोकरी दुसऱ्याला. आता तो घरची शेती बघत होता आणि दुपारी औशाच्या मोंढ्यात, चुलत्यांच्या खत-बियाण्याच्या दुकानात बसत होता. गावात त्याला पोरं 'रेडिओ' म्हणायची — मधे मधे खरखर.

"मला आवडतो रेडिओ," दीपमाला म्हणाली आणि जीभ चावली. ऐकणाऱ्यानं बोलायचं नव्हतं.

"नि-नियम मोडला तुम्ही."

"मग काय शिक्षा?"

"पु... पुढच्या रविवारी दहा मिनिटं ऐ-ऐकायचं."

पण पुढच्या रविवारी कोर्सच संपला. दोघांच्या मोबाईलवर सर्टिफिकेट आलं, रंगीत किनारीचं, दोघांनी एकमेकांना अभिनंदन लिहिलं... आणि मग काय लिहावं ते कोणालाच कळेना.

त्यानंतरचा रविवार दीपमालाला जाता जाईना. डोक्यावरून न्हाऊन झालं, कपडे धुऊन झाले, खालच्या गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. जेवणाच्या डब्यातली भाजी तिनं ताटात काढली आणि तशीच ठेवली. फोन हातात होता. करावा का? पण काय म्हणून? कोर्स होता तोवर कारण होतं. आता एका परक्या माणसाला... तिनं फोन उशीखाली सारला. आधी खोलीत नुसती शांतता असायची. आता एका माणसाची शांतता होती, आणि ती जास्त बोचत होती.

आठवड्यानं त्याचाच मेसेज आला. 'सामाजिक नवोपक्रम नावाचा नवा कोर्स निघालाय. गावातल्या अडचणींवर गावातच उपाय शोधायचा. तोही फुकट आहे. मी नाव दिलंय. जोडी मात्र कॉम्प्युटरच लावतो.'

तिनं त्या क्षणी नाव नोंदवलं. रविवारी धडा संपताच जोडी बघितली तर, 'लक्ष्मम्मा, देगलूर.'

लक्ष्मम्मा निवृत्त अंगणवाडी ताई होत्या. मराठी बोलता बोलता तेलुगूत शिरायच्या. दीपमालानं उदास मनानं गावातली एक अडचण सांगायला घेतली, बायकांना बसस्टँडवर बसायला नीट जागा नसण्याची, आणि बोलता बोलता ती म्हणाली, "भुजंग म्हणत होते, आधी तिथल्या बायकांलाच विचारायला पाहिजे." मग पुढंही तेच, भुजंगचं असं मत आहे, भुजंगनं तसं सांगितलं होतं...

"अय्यो, थांब जरा," लक्ष्मम्मा म्हणाल्या. "मधे बोलू नये ते खरं, पण बसस्टँडची अडचण राहिली बाजूला. तू तर त्या पोराबद्दलच सांगून राहिलीस. त्याला ठाऊक हाय का हे?"

दीपमाला वहीच्या कोपऱ्यावर रेघोट्या मारू लागली.

"मग तुझी अडचण मोठी हाय अम्मा, बसस्टँडची बारकी."

संक्रांत झाली आणि कोर्सवाल्यांनी मराठवाड्यातल्या सगळ्या शिकणाऱ्यांचा मेळावा लातूरला ठेवला. ज्यानं त्यानं आपला उपाय पाच मिनिटं मांडायचा. भुजंगचं नाव यादीत होतं. दीपमालानं लॅबमधून सुट्टी काढली, मोरपंखी ड्रेस घातला, तो बदलून पिवळा घातला आणि पुन्हा मोरपंखीच घालून पहाटेची गाडी धरली. काचेबाहेर धुकं होतं, त्यात काढणीला आलेली तूर. अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. पहिलं वाक्य काय बोलायचं ते तिनं लातूर येईपर्यंत घोकलं.

हॉलमध्ये पोचली आणि मोबाईल वाजला. 'शेतीची लाइट आज दिवसाची आलीय. गहू भिजवायचाय. येणं होणार नाही. माफ करा.'

व्यासपीठावरून त्याचं नाव पुकारलं गेलं. एकदा, दोनदा. मग पुढचं नाव आलं. नाव पुकारलं आणि माणूस आलाच नाही की कसं वाटतं, ते काउंटरवर बसून तिला माहीत होतं. पण आज ती दाराकडं बघत राहिली.

शेजारी येऊन बसलेल्या ठेंगण्या, कपाळभर कुंकवाच्या बाई लक्ष्मम्मा होत्या. त्यांनी मेसेज वाचला आणि चष्मा कपाळावर सारला. "गहू भिजवायला माणूस एवढी माफी मागत न्हाई. औसा किती लांब हाय इथून?"

"अर्धा-पाऊण तास."

"मग बसलीस काय?"

मोंढ्यातलं दुकान सापडायला वेळ लागला नाही. युरियाच्या पोत्यांआड गल्ल्यावर तो बसला होता, कोर्सच्या बारक्या फोटोतलाच, पण फोटोपेक्षा सावळा आणि थकलेला. दारात चहावाला उभा होता.

"काय देऊ, मालक?"

"बि... बि..."

"बिस्किट? हे घ्या!" चहावाल्यानं पुडा ठेवला, साखरेच्या चहाचा ग्लास ठेवला आणि निघालाही. भुजंगला बिनसाखरेचा चहा हवा होता. तो बिनसाखरेचा घेतो, हे दीपमालाला ठाऊक होतं. भुजंगनं मुकाट्यानं बिस्किट उचललं. आयुष्यभर त्याच्या पदरात असंच भलतं पडत आलं होतं आणि तो मान डोलवत आला होता. तिला एकदम भडभडून आलं. घोकलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं.

"गहू भिजला का?" तिनं विचारलं.

आवाज ऐकताच त्याच्या हातातलं बिस्किट चहात पडलं.

दुकान शेजाऱ्यावर सोपवून दोघं किल्ल्याच्या खंदकाकडं चालत गेले. ऊन मऊ होतं. खंदकाच्या काठावर शेळ्या चरत होत्या. फोनवर इतकं बोललेली माणसं, पण समोरासमोर... हात कुठं ठेवावेत तेही कळेना.

"खोटं का लिहिलं?" शेवटी तिनंच विचारलं.

"फो... फोनवर मी अर्धा असतो. ब-बरा अर्धा." तो खाली बघत होता. "बोलताना माझं तों... तोंड कसं होतं, लोक कसे ब-बघतात... ते तुम्ही बघू नये असं वाटलं."

"म्हणून मला तिथं एकटीला बसवलं? मी काय अर्ध्या माणसासाठी पहाटेची गाडी धरली का? मला वाटलं, आता तुम्हालाही माझं ऐकायचं न्हाई."

त्यानं झटकन वर बघितलं. पहिल्यांदा नजरेला नजर मिळाली आणि दोघांनीही ती काढून घेतली नाही.

"दीपमाला... मला तुम्ही..."

शब्द अडला. त्याची मान ताणली, पापण्या मिटल्या. कोणता शब्द आहे ते दीपमालाला कळलं होतं — आवडता. दुसरा कोणता असणार? तो तिच्या जिभेवर होता. म्हणून टाकला असता तर त्याची सुटका झाली असती. पण ती थांबली. शेळ्या पुढं सरकल्या, एक मोटारसायकल येऊन गेली. दोन पोरी वळून वळून बघत हसल्या. ती थांबूनच राहिली.

"...ला-लागता," तो म्हणाला.

आवडता नाही. लागता. भाकरी लागते, पाणी लागतं, तसं.

दीपमालानं ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. "हाव," ती म्हणाली. "मलाही."

पण एवढ्यानं काही होत नसतं. घरी सांगावं लागतं. फोनवर भाऊ बजरंग पहिल्यांदा भडकला, मग म्हणाला, येऊ दे पाहुण्यांना, बघू. माघातल्या एका रविवारी भुजंग आपल्या चुलत्यांना, भागवतकाकांना घेऊन भोकरजवळच्या तिच्या गावी आला. बैठकीत सतरंजी अंथरली होती. आई माजघराच्या उंबऱ्याशी टेकली होती आणि दीपमाला तिच्या मागं, दाराआड.

बजरंग विचारी आणि भागवतकाका उत्तर देत. शेती किती? काकांनी सांगितलं. पाणी? काकांनीच सांगितलं. शिक्षण? तेही. भुजंग मान खाली घालून बसला होता, चहावाल्यासमोर बसावा तसा, आणि दाराआड दीपमालाचा जीव खालीवर होत होता.

शेवटी बजरंग त्याच्याकडं वळला. "तुमच्या भागात पोरी न्हाईत का? एवढ्या लांबची पोरगी कशाला?"

"आ... आ..."

"आजकाल मोबाईलवर वळखी होतात, पाव्हणं," काका घाईनं म्हणाले.

"न्हाई." भुजंग म्हणाला. तो शब्द साफ आला. "मी सां... सां..."

बैठक अवघडली. बजरंग सतरंजीची दशी ओढू लागला. काकांनी पुन्हा तोंड उघडलं. दीपमालानं दाराची चौकट घट्ट धरली. आता काका बोलणार, मग दादा 'कळवतो' म्हणणार आणि संपलं सगळं...

"थांबा भाऊ," आई म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. पाहुण्यांपुढं आई कधी बोलत नसे.

"त्यांला बोलू द्या. आमाला काई घाई न्हाई."

मग सगळे थांबले. अंगणात भावजय सुपात तूर पाखडत होती, तेवढाच आवाज राहिला. भुजंगनं पाण्याचा घोट घेतला.

"ह्यांच्याशी बो-बोलताना," तो म्हणाला, "मला मी अ... अडकलो असं वाटत न्हाई. आणि त्या नांदेडात ए... एकट्या राहतात. दिवसभर लोकांची ना... नावं घेतात. त्यांचं नाव घेणारं को-कोणीतरी असावं. म्हणून मी आलो. दुसरं का-काई मागायला न्हाई आलो."

आईनं मान वळवून लेकीकडं बघितलं, आणि बघतच राहिली, जणू ही पोरगी तिथं एकटी असते हे तिला आत्ता कोणी सांगितलं होतं.

बजरंगनं घसा खाकरला. "पाव्हणं, उन्हाचं कुठं जाता आता? जेवूनच जावा."

दीपमाला चुलीपाशी गेली. परातीत पीठ घेतलं, पण भरल्या डोळ्यांना परात दिसत नव्हती. मागून आई आली, तिच्याशेजारी खाली बसली, आणि डब्यातलं आणखी दोन ओंजळी पीठ परातीत घातलं.

"जास्तीचं भिजव," आई म्हणाली. "तुझ्या सासरची माणसं हायत."