समुद्रावरची निळी रेघ

समुद्रावर रेघ कोण ओढणार? पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती होती. नारिंगी पाण्यावर बारीक, निळी. ऋजूने विमानाच्या खिडकीतून खाली पाहिलं. पाणी नुसतं चकाकत होतं. रेघेचा मागमूस नव्हता.

"मावशी, कॅमेरा बिघडलाय."

"कॅमेरा ठीक आहे. सकाळपासून बिघडलंय ते रुसूबाईंचं," सुलूमावशी म्हणाली.

ऋजू पुन्हा पडद्याकडे वळली. समुद्राचं तापमान मोजायला आई तासाभरापूर्वीच 'टिटवी' बोटीतून गेली होती, चार महिन्यांसाठी. ऋजू दार लावून बसली; निरोप द्यायला धक्क्यावर गेलीच नाही. शेवटी मावशीने तिला आपल्या पाहणीच्या विमानात आणलं.

"हा कॅमेरा अवरक्त किरण (उष्णतेचे, डोळ्यांना न दिसणारे किरण) टिपतो," मावशी म्हणाली. "नारिंगी म्हणजे कोमट, निळं म्हणजे त्याहून जरा गार. पण त्याला कळते ती समुद्राची फक्त त्वचा, केसाहून पातळ."

"मग मधेच गार कशाने?"

"आज वारा नाही. वरचं पाणी उन्हाने तापलंय, खालचं गारच आहे. बादलीत असं झालं तर तू काय करतेस?"

"हात घालून ढवळते." ऋजू थबकली. "बोटीचा पंखा! त्याने खालचं गार पाणी वर आणलं!"

"आणि वारा सुटेपर्यंत खूण राहते."

म्हणजे ही टिटवीची वाट. ऋजूने धक्क्यापासून रेघेवर बोट फिरवत नेलं. रेघ सरळ पश्चिमेला गेली, मग वळली. परत धक्क्यासमोर आली. तिथे निळा ठिपका पसरला होता. तिथून ती पुन्हा निघाली होती.

"आई परत आली होती?"

"कप्तानाच्या मागे लागली असणार. थांबली असेल, कोणी येतंय का बघत."

ऋजूला पडदा धूसर दिसू लागला. इतक्यात रेडिओवर आईचा आवाज खरखरला.

"टिटवीवरून. पाणी एकोणतीस पूर्णांक तीन. तुमचं?"

वरून पाहिलेलं खालून पडताळायचं, हेच आईचं काम. मावशीने पडद्यावरचा आकडा दाखवून माईक ऋजूच्या हातात दिला.

"एकोणतीस पूर्णांक तीन. जुळलं." तिने माईक तोंडाजवळ ओढला. "आई, मला रेघ दिसली. वळलेली."

खाली वारा सुटला होता. रेघ कडांनी विरत चालली होती.

"मग येताना तिथेच थांबते," आई म्हणाली. "पण त्या दिवशी धक्क्यावर ये हं."

"तुझी बोट दिसायच्या आधीच येईन," ऋजू म्हणाली, आणि निळा ठिपका पुरता विरेपर्यंत पाहत राहिली.