विश्रांतीतली नाडी

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा विभागाच्या मागच्या अंगणात, प्रयोगांसाठी पाळलेल्या लामा प्राण्यांच्या कुंपणाला टेकून धापा टाकत होता. पलीकडून आमची थोरली लामीण त्याच्याकडे टक लावून बघत होती. कान मागे, हनुवटी वर. ती खूण मला चांगली ठाऊक होती.

"बाजूला हो," मी म्हणाले.

"एक मिनिट... श्वास घेऊ दे..."

तेवढ्यात ती थुंकली.

मी रुमाल पुढे केला. त्याने गालावरचा हिरवा लगदा पुसला आणि गंभीरपणे विचारलं, "ही सगळ्यांचं असंच स्वागत करते, की फक्त खालच्या सखल मुलखातून आलेल्या आम्हा कांबा लोकांचं?"

"जे कुंपणाला टेकतात त्यांचं."

"मी यामिल. बेनीचा, नदीकाठचा. आमच्याकडे... हवा असते."

"इथेही असते. जरा जपून वापरावी लागते."

तो हसला, आणि हसण्यात होता नव्हता तेवढा श्वास संपवून पुन्हा कुंपणाला टेकला.

शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गात तो माझ्याच बाकावर आला. आमच्या विभागाचा एक जुना शिरस्ता होता – सखल भागातून इथे उंचावर, ला पास शहरात आलेल्या विद्यार्थ्याचं शरीर या उंचीला कसं रुळतं, याचा तक्ता वर्गातल्याच कुणीतरी ठेवायचा. दर सोमवारी नाडी, श्वास आणि बोटातून रक्ताचा थेंब. नाडी बोटांनीच मोजायची. यंत्रावर विसंबणारे विद्यार्थी आमच्या प्राध्यापिका डॉक्टर हेर्मिनियांना आवडत नसत. यामिलचा तक्ता माझ्याकडे आला.

सोमवारी मी आधी कोकाच्या पानांच्या चहाच्या पेल्यावर बोटं शेकून घ्यायचे. गार बोटांनी नाडी दचकते. मग त्याचं मनगट धरायचे. नाडी मोजून झाली तरी ते सोडायचं नसतं. आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं, की माणसाला साधा श्वासही घेता येत नाही. म्हणून नाडीचं सोंग चालू ठेवून गुपचूप छातीकडे बघायचं. अडचण एवढीच, की ही युक्ती यामिलही त्याच वर्गात शिकला होता.

"आता नाडी चाललीये की श्वास?"

"बोलू नकोस."

"म्हणजे श्वास. श्वास असला की तू माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघतेस."

"आणि नाडी असली की?"

"घड्याळाकडे. नाडी मला आवडत नाही, सेवेरिना."

पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं.

एकदा आम्ही लामाचं रक्त आणि त्याचं रक्त शेजारी शेजारी काचेवर घेतलं. सूक्ष्मदर्शकातून तो बराच वेळ बघत राहिला. "हिच्या पेशी लांबट, माझ्या गोल. म्हणून ही थुंकते आणि मी धापा टाकतो?"

"थुंकण्याचा पेशींशी संबंध नाही."

"मग तो स्वभाव. तुम्हा डोंगरावरच्या कोया लोकांचा."

"सरक, मला बघू दे." तो सरकला, पण जेवढं सरकायला हवं होतं तेवढं नाही... आणि मीही तसं सांगितलं नाही.

सत्र संपत आलं तेव्हा त्याच्या रक्तात लाल पेशी वाढल्या होत्या, अगदी वाढायला हव्यात तशा. जिने तो माझ्याशी भांडत भांडत चढायचा. नाडी मात्र खाली येईना. पहिल्या आठवड्यात जशी धावत होती, तशीच धावत होती.

डॉक्टर हेर्मिनियांनी तक्ता पाहिला आणि चष्मा काढला. "एवढ्या आठवड्यांत विश्रांतीतली नाडी उतरली नाही, तर ही उंची त्याला मानवत नाही. पुढचं सत्र त्याने घरी, बेनीतच करावं. सोमवारचा आकडा बघते आणि सही करते."

सोमवारी त्याने मनगट पुढे केलं, पण थट्टा केली नाही.

"थोडी कमी लिही," तो हळूच म्हणाला.

"नाही लिहिणार."

"मी गेलेला चालेल तुला?"

"खोटं लिहिलेलं चालणार नाही." आणि मग, त्याच्याकडे न बघता, "चालणार नाही... दोन्ही."

माझ्या बोटांखाली नाडी एकदम उसळली.

मी थांबले. रक्त सांगत होतं, हा इथे रुळलाय. नाडी सांगत होती, नाही रुळला. दोन्ही मीच नीट मोजलेलं. मग दोन्हींत फरक काय? रक्त मोजायला मी त्याच्याजवळ बसत नव्हते, ते पलीकडच्या खोलीत, यंत्रावर फिरायचं.

"फाउस्तो," मी मागच्या बाकावर हाक मारली, "जरा इकडे ये. याची नाडी मोज." आणि मी खोलीबाहेर गेले.

आडदांड फाउस्तो बाहेर आला तो डोकं खाजवत. "कसला आजार? माझ्या आजोबांसारखी संथ चाललीये."

दोन्ही आकडे घेऊन आम्ही तिघं डॉक्टर हेर्मिनियांसमोर उभे राहिलो.

"फाउस्तोचा बरोबर असेल, तर सेवेरिना, तुझा सगळा तक्ता चूक. तुला नाडी मोजता येत नाही?"

"मोजणी बरोबर आहे, डॉक्टरबाई."

"मग?"

"तो विश्रांतीत नव्हता."

"का?"

कोऱ्या कागदासारखं कोरडं बोलायचं, असं मी ठरवलं होतं. "कारण... मोजणारी मी होते."

फाउस्तो उगाच खोकला. मला वाटलं, माझं चुकलं असेल तर आता या इमारतीत मी कुठे लपणार?

"हे अनुमान, की पुरावा आहे?"

"पुरावा मी देतो, डॉक्टरबाई," यामिल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. खुर्चीत बसून त्याने त्यांच्यापुढे हात धरला. "तिला बाहेर पाठवून मोजा. मग तिला इथे माझ्या शेजारी बसवा... आणि परत मोजा."

त्यांनी खरंच तसं केलं. दुसऱ्या खेपेला मी त्याच्या शेजारी, हात मांडीवर घट्ट दाबून बसले होते. तो समोरच्या भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत होता, मी जमिनीकडे. डॉक्टर हेर्मिनियांची नजर घड्याळावरून हलली नाही.

"हं," त्या शेवटी म्हणाल्या, आणि तक्त्याच्या तळाशी लिहिलं – उंचीमुळे नाही. "राहू दे त्याला पुढच्या सत्रालाही. पण तक्ता आता फाउस्तो ठेवेल. मोजणाऱ्यामुळे आकडा बदलत असेल, तर मोजणारा बदलायचा. जा आता, मला कामं आहेत."

बाहेर ऊन कडक होतं आणि सावली बर्फासारखी. फाउस्तो, कधी नव्हे ते शहाणपणाने, पुढे निघून गेला. जिन्याच्या तोंडाशी यामिल थांबला.

"तक्ता गेला," तो म्हणाला.

"गेला."

"मग आता माझा हात धरायला तुझ्याकडे काय कारण उरलं?"

मी खरोखरच विचार केला.

"काहीच नाही," मी म्हणाले, आणि धरला.

दोन पायऱ्या आम्ही उतरलो. मग तो म्हणाला, "तळहाताला नाडी नीट लागत नाही, सेवे."

"माहीत आहे मला. चल लवकर, कोपऱ्यावरच्या भट्टीतल्या गरमागरम साल्तेन्या संपतील."