जेवायच्या वेळचं नेट

घरातला राउटर जळाला, तेव्हा नवा विकत आणायचा की अप्पांच्या जुन्या कॉम्प्युटरचाच बनवायचा, यावरून माझं आणि शरणबसवचं वाजलं. मी घरून काम करते. मला दुकानातला, वॉरंटीचा हवा होता. माझ्या या धाकट्या भावाला मात्र अप्पांचं मशीन भंगारात जाऊ द्यायचं नव्हतं.

सात रस्ता चौकाजवळ आमच्या वडिलांचं, अप्पांचं, नेट कॅफे होतं. निकालाच्या दिवशी पोरांची रांग लागायची. अप्पा नंबर टाइप करायचे आणि स्क्रीनआधी पोराच्या तोंडाकडे बघायचे. त्या कॅफेतलं उरलेलं मशीन हे एवढंच. अप्पांना जाऊन दोन वर्षं झाली.

शेवटी भावाचं ऐकलं. त्यानं जुनी डिस्क काढून नवी घातली, जास्तीचं नेटवर्क कार्ड बसवलं. पंखा घरघरला आणि तापलेल्या धुळीचा तो कॅफेतला वास हॉलभर पसरला. आई, म्हणजे आमची अव्वा, बराच वेळ दारात उभी होती.

नेट झकास चालायचं. फक्त दुपारी अव्वानं ताटं मांडली की बंद पडायचं, जेवणं उरकली की आपोआप सुरू. ती कधी लवकर वाढायची, कधी उशिरा. नेट तिच्याच वेळेनं जायचं.

"अप्पा असंच करायचे की," शरणबसव म्हणाला. "जेवताना वायरच काढून ठेवायचे."

"तू काय सेटिंग केलंयस?"

"शपथ अक्का, काहीच नाही."

मीही सगळं तपासलं. काही सापडलं नाही. खरं सांगायचं तर वाईटही वाटत नव्हतं. कितीतरी दिवसांनी आम्ही तिघं बोलत बोलत जेवत होतो. पण माझ्या मीटिंगा मध्येच तुटायला लागल्या आणि नोकरी कायम व्हायची लांबली. मी दुकानातून राउटर आणला. अप्पांच्या मशीनचा प्लग काढला.

त्या दुपारी तिनं ताटं मांडली. आम्ही तिघंही स्वयंपाकघरात होतो. भाकरी वाढायची होती, शेंगाचटणीची बरणी अजून उघडायची होती.

मोबाइलवरचं नेट गेलं.

"दानेश्वरी, बघ की काय झालं," अव्वा म्हणाली. तिचा आवाज हलका झाला होता.

मी हॉलमध्ये गेले. नव्या राउटरची वायर काढून, नीट गुंडाळून बाजूला ठेवलेली होती.

मी ती उचलली. पांढऱ्या टोकावर बोटाचा ठसा होता. तेलकट, लाल, ओला.

शेंगाचटणीचा वास आला.

अव्वा मागून आली. तिनं वायर माझ्या हातातून घेतली आणि पदरानं टोक पुसलं.

"हात न धुताच उठले," ती म्हणाली.