शेळीची खुंटी

"थांबवा! मशीन थांबवा!" यामिनी ओरडत उतारावरून धावली. मागोमाग तिचे दोस्त गोकुळ आणि सोनम.

मोलगीजवळच्या त्यांच्या पाड्यावर बोअरची गाडी आली होती. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की यामिनी आईबरोबर दरीतल्या झऱ्यावरून पाणी वाहायची. आणि मंजूर झाला होता एकच बोअर!

दिवाळीच्या सुट्टीत भूजल विभागाच्या ताईंनी सगळ्या विहिरी मोजून नकाशा केला, तेव्हा दोरी यामिनीनंच धरली होती. खडकातली पाण्याची भेग नाल्याच्या वळणाखालून जाते म्हणून ताईंनी लाल खुंटी तिथे ठोकली होती. गाडी मात्र रस्त्याकडेला उभी!

"खुटी आठे शे, बोअर आठेच व्हई!" गाडीवाले हिंमतराव म्हणाले.

खुंटी खरंच तिथे होती! यामिनी गोंधळली.

"अगं, भोवती लेंड्या बघ!" सोनम कुजबुजली. "ही शेळी बांधायची जागा आहे!"

तिघं थेट शेळीवाल्या बाज्याकाकाच्या अंगणात.

"ती होय? नाल्यावर रिकामीच होती, आणली उपटून," बाज्याकाका म्हणाला. "काय झालं?"

"काका, पाड्याचं पाणीच उपटलंत तुम्ही!" गोकुळनं कपाळावर हात मारला.

गाडीपाशी परतून सगळं सांगितलं, तरी हिंमतराव ऐकेनात. "पोरेसना खेळ शे का?"

"काका, फक्त दहा मिनिटं द्या!" यामिनी हटली नाही. गोकुळनं दगड बांधलेली दोरी रस्त्याजवळच्या विहिरीत सोडली. तळापर्यंत गेली, कोरडीच वर आली. मग नाल्याजवळच्या विहिरीत. बावीस फुटांवर दगड बुडाला! ओली दोरी हिंमतरावांनी स्वतः चाचपून पाहिली. तेवढ्यात नाल्याच्या वळणावरून सोनमची हाक आली, "खुंटीचं भोक सापडलं! दगडाला लाल रंगही लागलाय!" खुंटी त्यात नेमकी बसली.

"पण गाडी आठे कशी येई?"

"आम्ही वाट करतो!"

अख्खा पाडा दगड उचलायला लागला. सगळ्यांत मोठे धोंडे बाज्याकाकानं हलवले.

मशीन घरघरलं. साठ फूट, नव्वद फूट... नुसती धूळ! यामिनीनं नकाशा पुन्हा आठवून पाहिला. आपलं चुकलं तर?

एकशे तीस फुटांवर धूळ चिखल झाली आणि फस्सकन पाणी उसळलं!

"पोरांनो, आमचे पाय वाचवलेत!" म्हाताऱ्या दिवलीबाईनं भिजतच तिघांना कवटाळलं.

हिंमतरावांनी तोंड पुसलं. "पुढला गावमा आधी पोरेसले इचारसू, मंग मशीन लावसू!"

यामिनी हसली. "आधी नकाशा बघा, काका. आम्हाला नंतर विचारलंत तरी चालेल!"