शेवटच्या दिव्याखाली

प्रदर्शनातल्या चित्रात तीन दिवे होते, दोन हातगाड्या, एक झोपलेलं कुत्रं आणि सात माणसं. काळ्या शाईत छापलेली इतवारी बाजारातली रात्र. अबोलीने पुन्हा मोजलं आणि कपाळाला आठी घातली.

"काय चुकलं, मॅडम?" मागून कोणीतरी विचारलं.

"भांड्यांची दुकानं उजवीकडे पाहिजेत. गल्लीच उलटी आहे."

तो हसला. "पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटते. पाट्या मी आठवणीनं उलट्या कोरल्या... गल्ली राहून गेली. इतक्या लोकांनी पाहिलं, कोणाच्या ध्यानात नाही आलं. आता तुम्ही बोंब नका मारू."

हा विहंग. चित्र त्याचंच. ती रसायनशास्त्रातली एम.एस्सी. महाल भागातल्या त्याच्या खोलीवर ती जाऊ लागली, ते जस्ताचा पत्रा आम्लात किती वेळ ठेवायचा हे सांगायला. जितका जास्त वेळ, तितकी रेघ खोल, तितकी काळी. निदान घरी तरी ती जाण्याचं कारण हेच सांगायची.

"हलू नको वं. नाक राहिलं."

"कोणाचं?"

"आठव्या माणसाचं."

शेवटच्या दिव्याखाली, त्याच पत्र्याच्या अगदी कडेला, त्याने तिला कोरलं. करंगळीच्या पेराएवढी, ओढणी सावरताना.

"पुढच्या प्रदर्शनात आईले हेच दाखवीन. म्हणीन, ही."

"अन् त्या नाही म्हणाल्या तर?"

"पत्र्यावरचं असं पुसता येते काय?"

तिने बोटाची शाई हळूच त्याच्या गालाला लावली.

दिवाळीनंतर प्रदर्शन लागलं. त्याची आई, सिंधूताई, आल्या. सोबत पारशिवनीचे पाहुणे आणि त्यांची मुलगी, काजल. अबोली चित्रापुढे उभी राहिली. सात माणसं. शेवटच्या दिव्याखाली नुसता उजेड.

"कसं काढलंस मला?"

"खरवडून. मग घासून..." विहंग फरशीकडे पाहत होता. "पाहुणे येणार होते. कोणी विचारलं असतं, ही कोण, तर काय सांगणार होतो मी?"

"जे ठरलं होतं ते."

पलीकडून सिंधूताईंनी हाक मारली. "विहंग, काजलले चित्र समजावून सांग ना."

"आलो," तो म्हणाला. मग हळू आवाजात, "पत्रा तू घेऊन जा. मले नाही पाहवत आता."

ती घेऊन गेली. सोमवारी प्रयोगशाळेत तिने पत्रा स्क्रूगेजमध्ये धरला आणि दोनदा मोजला. न खरवडलेल्या कोपऱ्यात जाडी १.६२ मिलिमीटर. शेवटच्या दिव्याखाली १.३९.